जेन कॉनला पहिल्यांदाच गेलात आणि खेळणंच जमत नाहीये? या क्रमाने तपासा

दर उन्हाळ्यात आम्ही शिकागोकडची चार-पाच मंडळी गाडी काढून इंडियानापोलिसला जेन कॉनला, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळांच्या मोठ्या संमेलनाला, जातो आणि गाडीत एक तरी नवीन माणूस असतोच. कधी ऑफिसमधली मैत्रीण, कधी भारतातून आलेला पाहुणा, एका वर्षी माझी नणंद. काही जण घरी वर्षभर डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स: फासे टाकत, एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायचा खेळ) खेळलेले असतात, काहींनी नुसतं ऐकलेलं असतं. आणि दर वर्षी शुक्रवारी दुपारी यातल्या कुणाचा तरी मेसेज येतो: "मला नाही जमत हे. मी रूमवर जातेय."

हा बिघाड मी इतक्यांदा पाहिलाय आणि दुरुस्त केलाय की आता विचारायच्या प्रश्नांचा क्रम ठरून गेलाय. नवीन माणूस कारण सांगतो, "मला नियम येत नाहीत." नियमांमुळे अडलेलं माणूस मला क्वचितच भेटलं. बाकीचे अडले ते पोटामुळे, घड्याळामुळे, तिकिटामुळे, खुर्चीमुळे, नाहीतर एक वाक्य बोलायचं राहून गेल्यामुळे. आणि हे सगळं जागच्या जागी सुटण्यासारखं आहे. म्हणून, सामान आवरायच्या आधी हे वाचा.

लक्षणं

मे महिन्यात तिकिटं निघाली त्या दिवशी पसंतीची यादी भरून ठेवली होती, पण हाती एखाद-दुसरंच लागलं, किंवा काहीच नाही.

बॅज गळ्यात आहे, पण टेबलाशी गेल्यावर "तुमचं तिकीट?" असं विचारतात.

टेबल सापडेपर्यंत वीस मिनिटं गेली आणि तुमची खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली गेली.

टेबलावर बसलात, पण चार तासांत तीन-चार वाक्यंच बोललात. आपली पाळी आली की सगळे आपल्याकडे बघतात आणि काहीच सुचत नाही. हे सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण, आणि माणूस घरी परत जातो ते यामुळेच.

डोकं दुखतंय, घसा बसलाय, गर्दी नकोशी झालीय.

गोष्टीत असं काही चाललंय की आतून नको वाटतंय, पण उठायचं कसं ते कळत नाही.

यातली दोन-तीन बहुधा एकत्रच येतात. तरी थेट "मी यासाठी नाहीच" इथपर्यंत पोचू नका. पहिल्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत आणि पाच मिनिटांत होतात, म्हणून त्या आधी.

१. शेवटचं बसून कधी जेवलात?

मेसेज आला की मी पहिला प्रश्न हाच विचारते. उत्तर बहुतेक वेळा "सकाळी कॉफी घेतली" असं असतं. कन्व्हेन्शन सेंटरच्या आत एसी जोरात असतो, त्यामुळे तहान लागलेली कळत नाही. बाहेर उन्हाळा. दिवसभर चालणं. त्यात चार तासांचं एक सेशन म्हणजे चार तास अनोळखी लोकांचं भराभर बोललेलं इंग्रजी कान देऊन ऐकायचं आणि दर काही मिनिटांनी काहीतरी ठरवायचं. पोट रिकामं असेल तर सगळ्यात आधी सुटतं ते हे ऐकणं आणि ठरवणं. बसलेल्या माणसाला मात्र भूक लागलीय असं वाटत नाही, आपल्याला खेळताच येत नाही असं वाटतं.

कन्व्हेन्शनला जाणाऱ्या जुन्या मंडळींत पाच-दोन-एक असा नियम सांगतात: दिवसाला निदान पाच तास झोप, दोन वेळा नीट जेवण, एक अंघोळ. ही किमान मर्यादा आहे. नवीन माणसाने सात तास झोपावं असं माझं मत आहे. रात्री बारा ते चारचं सेशन आणि लगेच सकाळी आठचं, असं पहिल्या वर्षी करूच नका.

शाकाहारी असाल तर जॉर्जिया स्ट्रीटवर फूड ट्रक लागतात तिथे काही ना काही मिळतं, पण जेवायच्या वेळी रांग मोठी असते. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि राजगिऱ्याचे लाडू घेऊन जातो. दशमी-चटणी रूमवर, लाडू पिशवीत. टेबलावर तेलकट हाताने काही खाऊ नका, कारण त्याच हाताने दुसऱ्याचं पुस्तक आणि फासे हाताळायचे असतात.

जेवून, अर्धा लिटर पाणी पिऊन तासभर पडा आणि मग पुन्हा बघा. कितीतरी जणांचं दुखणं एवढ्यावरच थांबलंय.

२. कुठलं घड्याळ बघताय?

शिकागोची वेळ सेंट्रल, इंडियानापोलिसची ईस्टर्न, म्हणजे एक तास पुढे. फोन आपोआप बदलतो, गाडीतलं आणि मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. शिवाय इंडियानाचा वायव्येकडचा कोपरा शिकागोच्याच वेळेवर चालतो, त्यामुळे राज्याची हद्द ओलांडताना काही बदललंय असं जाणवतही नाही. एका वर्षी आमच्या गाडीच्या घड्याळात नऊ वाजले होते आणि टेबलावर दहा. माझ्या मैत्रिणीने वर्षभर वाट पाहिलेलं सेशन तिथेच गेलं. तेव्हापासून निघतानाच आम्ही गाडीचं घड्याळ पुढे करतो.

तिकिटांच्या दिवशीही हीच चूक होते. गेली काही वर्षं इव्हेंटची नोंदणी मे महिन्यातल्या एका रविवारी ईस्टर्न वेळेनुसार दुपारी बाराला उघडते. तेव्हा शिकागोत अकरा वाजलेले असतात आणि भारतात रात्रीचे साडेनऊ. भारतातून येणाऱ्या भावंडांसाठी तुम्ही नोंदणी करणार असाल तर ही वेळ दोन्हीकडे लिहून ठेवा.

३. बॅज आहे. तिकीट आहे का?

आपल्या लोकांची इथे हमखास गफलत होते, आणि त्याला कारण आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला एकदा नोंदणी केली की जेवणासकट सगळं आलं, बिल्ला लावा आणि कुठल्याही सभागृहात जाऊन बसा. जेन कॉनचा बॅज तुम्हाला दारातून आत नेतो, विक्रीच्या दालनात फिरवतो, एवढंच. टेबलावरच्या प्रत्येक सेशनला वेगळं तिकीट लागतं, कारण त्या टेबलाला पाच-सहाच खुर्च्या असतात.

जेन कॉनची सुरुवात १९६८ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावात एका हॉलमध्ये झाली. डी अँड डी निघालं त्यानंतर सहा वर्षांनी, १९७४ मध्ये, आणि ते करणाऱ्या दोघांपैकी गॅरी गायगॅक्स यांनीच हे संमेलन सुरू केलं होतं. नाव त्या गावावरूनच आलं. पुढे ते मिलवॉकीला गेलं आणि २००३ पासून इंडियानापोलिसला आहे. २०२३ मध्ये तिथे सत्तर हजारांहून जास्त माणसं आली. एवढ्या गर्दीत "जाऊ आणि बघू कुठे बसवून घेतात ते" असं म्हणून चालत नाही.

यादी भरताना दोन गोष्टी पाळा. पसंतीची यादी वरून खाली तपासली जाते, म्हणून सगळ्यात हवंसं सगळ्यात वर ठेवा. आणि एकाच वेळेसाठी तीन-चार पर्याय एकाखाली एक लिहा. वरचं मिळालं तर त्याच वेळेचे खालचे आपोआप सोडून दिले जातात, वरचं गेलं तर खालच्याची आशा राहते. आमच्याकडे रिकाम्या हाताने राहिलेल्या बहुतेकांनी प्रत्येक वेळेला एकच नाव लिहिलेलं होतं, तेही सगळ्यांना हवं असलेलं. काहीच मिळालं नाही तरी खाते बंद करून बसू नका. लोक तिकिटं परत करतात आणि ती पुन्हा विक्रीला येतात. जुलैमध्ये आठवड्यातून दोनदा बघा.

४. इव्हेंटची माहिती पूर्ण वाचली का?

नाव आणि चित्र बघून तिकीट घेतात आणि मग टेबलावर कळतं की सगळे दहा वर्षं तोच खेळ खेळणारे आहेत. प्रत्येक इव्हेंटखाली अनुभव किती हवा ते लिहिलेलं असतं: काहीच नको, थोडा हवा, मुरलेला हवा. "काहीच नको" असेल तिथे नियम शिकवले जातात. साहित्य मिळणार का आणि वयाची अट काय, हेही तिथेच असतं.

इव्हेंटच्या क्रमांकाची सुरुवातही बघा. आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचा रोलप्लेइंग गेम, बीजीएम म्हणजे बोर्ड गेम, एलआरपी म्हणजे वेशभूषा वगैरे करून उभ्याने, प्रत्यक्ष वावरत खेळायचा. नणंदेला बोर्ड गेम हवा होता आणि तिने घेतलं होतं एलआरपी. ती धीट आहे म्हणून निभावलं.

पहिल्या वर्षी दिवसाला एकच चार तासांचं सेशन घ्या. फार तर जोडीला दोन तासांचं एक.

५. आदल्या दिवशी खोली बघून आलात का?

खेळ एका इमारतीत नसतात. कन्व्हेन्शन सेंटर, आजूबाजूची हॉटेलं, लुकास ऑइल स्टेडियम असे पसरलेले असतात. बरीच हॉटेलं स्कायवॉकने जोडलेली आहेत, स्टेडियमला भुयारी रस्ता आहे. एक हॉटेल तर जुन्या युनियन स्टेशनातच आहे, तिथे रेल्वेच्या डब्यांच्या खोल्या केल्यात, आणि नवीन माणूस ते डबे बघत उभा राहतो तोवर दहा मिनिटं जातात. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गर्दीतून जायला वीस मिनिटं धरा. दोन सेशनमध्ये तासाभराची मोकळीक ठेवा. खोली बघून आलं की टेबल शोधायची धाकधूक जाते, आणि ती धाकधूक घेऊन बसलेला माणूस पहिला अर्धा तास काही ऐकतच नाही.

६. तिकीट नाहीच? रिकामी खुर्ची शोधा

नाव न छापलेली साधी तिकिटं मिळतात, त्यांना जेनेरिक म्हणतात. ज्या टेबलावर कुणी आलं नाही तिथे ती देऊन बसता येतं. थोडी घेऊन ठेवा, सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी टेबलाशी जा, आणि गेम मास्टरला, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणाऱ्याला, सरळ विचारा की जागा झाली तर मला घ्याल का. जे पुढे उभे असतील त्यांच्या मागे थांबा. चुकलेली गाडी, लागलेली झोप यामुळे कुणी ना कुणी येत नाहीच. सकाळी लवकरच्या आणि रविवारच्या सेशनला जागा सहज मिळते. संकोच करू नका. गेम मास्टरला भरलेलं टेबल हवं असतं, दोन माणसांवर गोष्ट चालवणं त्यालाही जड जातं.

७. गेम मास्टरला ते वाक्य सांगितलंत का?

इथवर सगळं ठीक आहे आणि तरी टेबलावर बसून तोंड उघडत नाही, तर मग खरा बिघाड इथे आहे.

माझा मावसभाऊ पुण्याहून आला होता. हुशार मुलगा, कॉलेजात एकांकिका केलेल्या. पहिलं सेशन संपवून आला तो गप्पच. म्हणाला, "ताई, सगळे कसले भारी बोलतात. मी नुसता बसून होतो." मी विचारलं, "तू नवीन आहेस हे सांगितलंस का?" नाही. त्याला वाटलं होतं की सांगितलं तर लोक वैतागतील.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर टेबलाशी गेले. गेम मास्टर साठीच्या आसपासच्या एक बाई होत्या. त्याने सांगितलं, "मी हे पहिल्यांदाच खेळतोय, मला थोडी मदत लागेल." बाईंनी त्याच्या पुढ्यातली कॅरेक्टर शीट, म्हणजे त्याच्या पात्राची माहिती लिहिलेला कागद, आपल्याकडे ओढली, कानामागची पेन्सिल काढली आणि अख्ख्या भरलेल्या कागदावर तीन गोल केले. एक, तुला किती मार सोसतो. दोन, तुला मार लागायला समोरच्याच्या फाशावर किती पडायला हवेत. तीन, तू मारतोस तेव्हा फाशात किती मिळवायचे. म्हणाल्या, बाकीचं सगळं मी विचारेन तेव्हा बघ. मग वीस बाजूंचा फासा त्याच्या हातात दिला, आणि स्वतःच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी करून त्याला तिथे बसवलं. चार तासांनी मी आणायला गेले तर हा उभा राहून बोलत होता.

त्या बाईंनी जे केलं त्यातलं बरंचसं तुम्ही स्वतः मागून घेऊ शकता.

नवीन आहे हे पहिल्याच मिनिटाला सांगा. गेम मास्टर मग वेग कमी करतो, तुमच्या पाळीला दोन पर्याय समोर ठेवतो. नाही सांगितलं तर तुम्ही गप्प आहात याचा अर्थ तो "यांना ऐकायला आवडतंय" असा घेतो आणि बोलणाऱ्यांकडे वळतो. वैताग कुणाला येत नाही. उलट टेबलावरचे जुने खेळाडू मदतीला सरसावतात, मी हे दर वर्षी बघते.

गेम मास्टरच्या शेजारची खुर्ची घ्या. हॉलमध्ये डझनावारी टेबलं एकाच वेळी बोलत असतात. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अर्धी वाक्यं पोचत नाहीत, आणि वेगळ्या धाटणीचं इंग्रजी असेल तर उरलेलंही निसटतं. ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारा. सगळे विचारतात.

तयार कॅरेक्टर पुढ्यात ठेवतात तेव्हा साधं निवडा. तलवार घेऊन लढणारा, किंवा धनुर्धारी. जादूगाराच्या कागदावर मंत्रांची यादी असते आणि आपली पाळी येईपर्यंत ती वाचण्यातच वेळ जातो, मग गोष्ट काय झाली ते कळत नाही.

अभिनय करायलाच हवा असं काही नाही. आवाज बदलून बोलणारे असतात, ते त्यांना आवडतं म्हणून. "माझं कॅरेक्टर दार हळूच ढकलून आत बघतं" एवढं म्हटलं तरी तो पूर्ण खेळ झाला. एकांकिका केलेल्यांना हे उलट जड जातं, कारण पाठांतर आणि तालीम यांची सवय असते. इथे कुणी परीक्षक बसलेला नसतो.

आणि काहीच सुचत नसेल तर प्रश्न विचारा: "इथे मला काय काय दिसतंय?" याचं उत्तर देणं हे गेम मास्टरचं कामच आहे. त्या उत्तरात हात घालण्याजोग्या तीन गोष्टी तरी असतात.

८. नियम ठीक, माणसं ठीक, पण गोष्टच सोसत नाहीये

बऱ्याच टेबलांवर मधोमध एक कार्ड ठेवलेलं असतं, त्यावर इंग्रजी एक्स हे अक्षर. त्याला एक्स-कार्ड म्हणतात. गोष्टीत नकोसं काही आलं, लहान मुलांचा छळ असेल, कोळी असतील, काहीही, तर कार्डाला हात लावायचा. कारण सांगावं लागत नाही. गेम मास्टर तो भाग बदलतो किंवा पुढे नेतो. कार्ड नसेल तर सुरुवातीलाच म्हणा, "अमुक विषय नको." आपल्याकडे "चार लोकांत कसं बोलायचं" म्हणून माणूस सोसत बसतो आणि मग या खेळाचं नावच टाकतो. ते होऊ देऊ नका.

उठून जाणंही चालतं. "मला निघावं लागतंय, आभारी आहे" एवढं बोला, कॅरेक्टर शीट टेबलावर ठेवा आणि निघा.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

वरचं सगळं तुमचं तुम्ही करण्यासारखं आहे. खालचं नाही.

कुणी अंगचटीला येत असेल, पाठलाग करत असेल, जात-वर्ण-देशावरून बोलत असेल, तर समजूत घालत बसू नका आणि "जाऊ दे" म्हणू नका. टेबल सोडा, आयोजकांच्या मदत कक्षाकडे किंवा सुरक्षा कर्मचाऱ्याकडे जा, टेबलाचा क्रमांक आणि वेळ सांगा. एकटे जाऊ नका, सोबतच्यांना फोन करा. जिवाला धोका वाटला तर ९११, हा इथला तातडीच्या मदतीचा नंबर.

गर्दीत श्वास कोंडला, हातपाय थरथरले, तर आधी शांत जागी जाऊन बसा आणि सोबतच्याला बोलवा. अर्ध्या तासात उतरलं नाही तर प्रथमोपचार कक्ष गाठा. हे पाणी पिऊन सुटेल असं स्वतःच ठरवू नका.

ताप असेल तर खेळ तिथेच थांबला. एका टेबलाभोवती चार तास सहा माणसं एकमेकांच्या तोंडासमोर बसतात. मास्क लावून रूमवर जा. दुसऱ्या दिवशीही ताप राहिला किंवा घशाने गिळवत नसेल तर अर्जंट केअर दवाखान्यात दाखवा. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, बोलण्यात गोंधळ, उन्हात उलट्या आणि घाम थांबणं, यातलं काहीही दिसलं तर अर्जंट केअर नको, तडक ९११. भारतातून आलेल्यांनी बिलाच्या भीतीने हा फोन लांबवू नये. त्यासाठीच प्रवासाचा विमा घेतलेला असतो.

विम्याचा क्रमांक, औषधांची नावं, ॲलर्जी आणि सोबतच्या माणसाचा फोन नंबर एका कागदावर लिहून बॅजच्या पाकिटात, बॅजच्या मागे ठेवा. आमच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाचा हा कागद मी निघायच्या आधी स्वतः बघते.